वीस गुंठ्यांची बारा मिनिटे

कामाच्या अनुभवांवरच्या या अंकात माझ्या मागेपुढे ज्यांनी लिहिले असेल त्यांच्या नोकरीला तीस-पस्तीस वर्षे झालेली असणार. माझ्या नोकरीला अजून तीन वर्षेही झालेली नाहीत आणि तीही अर्धवेळ आहे. मी कराडला बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मलकापुरात दोघी मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम. त्यामुळे आमच्या मराठीच्या बाईंनी "कामाचे अनुभव लिही" असे सांगितले तेव्हा मी म्हणाले, "बाई, मला अजून अनुभव कुठे आलाय?" त्या म्हणाल्या, "एखादी चूक तरी झाली असेल ना? ती लिही." चूक झाली आहे. तीच लिहिते.

आधी काम काय ते सांगते, कारण ते माझ्या घरीही अजून नीट कोणाला सांगता आलेले नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील रहिमतपूरजवळ दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. आईने एकदा विचारले, "तू तितं बसून दिवसभर करतीस काय?" मी म्हटले, "आई, एका घरातले डबे दुसऱ्या घरात लावायचे. पण नव्या घरातल्या फळ्या वेगळ्या मापाच्या असतात. कुठला डबा कुठे बसेल ते बघायचे आणि नेताना काही सांडू द्यायचे नाही." आई म्हणाली, "मग एवढं शिकून हमालीच की." मी हसले, पण ते बरेचसे खरे आहे.

संस्थांची, दवाखान्यांची, दुकानांची माहिती जुन्या संगणकांवर जुन्या प्रोग्राममध्ये असते. ती आम्ही नव्या डेटाबेसमध्ये आणतो. डेटाबेस म्हणजे रकाने आखलेली मोठी वहीच. फरक एवढाच की इथे प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरवावा लागतो. यात फक्त आकडे, यात तारीख, यात अक्षरे, तीही इतकीच. आणि अडचण अशी की ही वही बनवणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या आहेत. एकीच्या वहीत रिकामी तारीख चालते, दुसरीच्या चालत नाही. एक अक्षरे मोजते, दुसरी अक्षरांना लागणारी जागा मोजते.

हा शेवटचा फरक मला साताऱ्यातल्या एका माजी सुभेदारांनी शिकवला. माजी सैनिकांच्या एका मंडळाची सभासदयादी मी नव्या वहीत आणली होती. नावासाठी साठ जागा ठेवल्या. इंग्रजीत त्या भरपूर होतात. पण आपल्या एका अक्षराला तीन जागा लागतात आणि काना, मात्रा, वेलांटीला आणखी तीन तीन. हे मला ठाऊक नव्हते. सुभेदारसाहेबांच्या हातात ओळखपत्र पडले ते "सुभेदार ज्ञानदेव बाबु" एवढेच. ते सरळ ऑफिसात आले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ.

"हे कुणी केलं?"

मी उभी राहिले. "मी, साहेब."

"पोरी, अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली. दोनदा बर्फात गाडला गेलो. कुटं कापला गेलो न्हाई. आन् तू खुर्चीत बसून बापाचं नाव, आडनाव समदं उडीवलंस व्हय?"

मी माफी मागून त्यांच्यासमोरच दुरुस्त केले. ते चहा पिऊन, खूश होऊन गेले. जाताना म्हणाले, "चूक कबूल करायला उबी राहिलीस, ते बरं केलंस." त्या एका वाक्याची पुढे मला गरज पडणार होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले ती सांगते.

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लोक ओळखीचे आहेत. तिथे शेतकऱ्यांची पाणीपुरवठा संस्था आहे. नदीचे पाणी पंपाने वर घ्यायचे आणि पाइपलाइनने शिवारात न्यायचे. दर बारा दिवसांनी प्रत्येकाची पाळी येते. पाळी किती वेळ चालायची ते जमिनीवर ठरते. एकराला चार तास, म्हणजे गुंठ्याला सहा मिनिटे. वॉल उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. तिथले पाटकरी रामूतात्या. त्यांना सगळ्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या, पण त्यावरूनच भांडणे व्हायची. अमक्याला दहा मिनिटे जास्त दिली, तमक्याचा वॉल लवकर बंद केला. म्हणून संस्थेने आमच्याकडून फोनवर चालणारे ॲप करून घ्यायचे ठरवले. पाटकऱ्याने शेतावर जायचे, सभासदाचे नाव दाबायचे, फोन सांगेल तितकी मिनिटे पाणी सोडायचे. संचालक दिनकरराव यांनी बैठकीत ठरावच मांडला: फोन दाखवेल तेवढेच पाणी, पाटकऱ्याने पदरचे एक मिनिटही कमीजास्त करायचे नाही.

आमच्या सरांनी हे काम माझ्याकडे दिले. संपूर्ण काम एकटीने करण्याची माझी पहिलीच वेळ. संस्थेचे सचिव आप्पा यांनी जुन्या संगणकावरची यादी काढून दिली. तिच्यात जमिनीच्या रकान्यात १.२५, ०.२०, २.०७ असे लिहिलेले होते. आमच्याकडे हे कोणालाही वाचता येते. टिंबाच्या आधी एकर, टिंबानंतर गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून टिंबानंतर कधी एकोणचाळीसच्या वर आकडा येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी शेताच्या बांधावरच वाढले आहे.

जुन्या प्रोग्राममध्ये हा रकाना अक्षरांचा होता. म्हणजे ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याने ०.२० हे नावासारखे, जसेच्या तसे ठेवले होते. ते पाहून मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात नावे ठेवली. आम्हाला वर्गात शिकवले होते की आकडा असेल तर आकड्याचाच प्रकार द्यावा, अक्षरांत आकडे ठेवणे हे अडाण्याचे काम. मी तो रकाना बदलून दशांश आकड्याचा केला. टिंबानंतर दोन घरे. सर्व्हरवरच्या मोठ्या वहीत सगळे बरोबर बसले. ०.२० चे ०.२० राहिले. फोनवर मात्र वेगळीच छोटी वही असते, कारण शिवारात नेट लागत नाही आणि माहिती फोनमध्येच साठवावी लागते. त्या छोट्या वहीत घरे मोजून ठेवणारा दशांश प्रकारच नाही. तिच्या हिशेबी ०.२० आणि ०.२ एकच आहे, त्यामुळे ती शेवटचे शून्य टाकून देते. गणितात ते बरोबरही आहे. पण माझे ॲप टिंबानंतरचा आकडा गुंठे म्हणून वाचत होते. वीस गुंठ्यांचे तिथे दोन गुंठे झाले.

मी तपासले नव्हते असे नाही. फोनवर दहा-बारा नावे उघडून पाहिली होती. १.२५ बरोबर, २.०७ बरोबर, ०.३३ बरोबर. चूक फक्त दहा, वीस आणि तीस गुंठ्यांना होत होती आणि तसे एकही नाव माझ्या हाताला लागले नाही.

नोव्हेंबरात एका लाइनवर ॲप सुरू झाले. महिनाभर आप्पांची तक्रार नाही. सर म्हणाले, "बघ, जमलं तुला." मी घरी फोन करून आईलाही सांगितले.

मग डिसेंबरात एक दिवस आप्पांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, तुमी एकदा गावात येऊन जावा. हितं लय विचका झालाय."

"काय झालं आप्पा?"

"त्या इंदूबाईच्या हळदीला दोन पाळ्या पाणीच पोचलं न्हाई. ती म्हणती दिरानं कापलं. दिनकरराव म्हणत्यात पाटकऱ्यानं खाल्लं. पाटकरी म्हणतो फोनला इचारा. आज आमी दिनकररावांस्नी यादी छापून दिली, त्यात वीस गुंठं बरोबर हाय. मग खोटं कोण बोलतंय?"

इंदूमावशी ही दिनकररावांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फौजेत होता, आजारपणात गेला. वाटणीत एकराचे दोन भाग झाले, मावशींना वीस गुंठे आले. दिनकररावांनी पुढे आणखी जमीन घेतली, त्यांची एक एकर पंचवीस झाली. म्हणून त्यांचे पाणी फोनवर बरोबर येत होते. एकाच बांधाच्या अलीकडे भरून पाणी, पलीकडे कोरडे. त्यात ठराव दिनकररावांनीच मांडलेला. मावशींना दुसरे काय वाटणार?

मी दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून एस.टी.ने गेले. बसमध्ये मी मनाला सांगत होते की माझे काही चुकलेले नसणार, छापील यादी बरोबर आहे म्हणजे डेटा बरोबर आहे. संस्थेच्या ऑफिसात आप्पा, रामूतात्या आणि दिनकरराव तिघेही बसलेले होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

मी रामूतात्यांना म्हटले, "तात्या, जरा फोन दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. "बगा म्याडम. मी काय मनानं बंद केलं न्हाई."

इंदूमावशींच्या नावापुढे लिहिलेले होते: शून्य एकर, दोन गुंठे. बारा मिनिटे.

मी मग यादीतली दहा गुंठेवाली नावे उघडली. एक गुंठा, सहा मिनिटे. तीस गुंठ्यांचे तीन. काय झाले ते मला एका क्षणात कळले.

मी तात्यांना विचारले, "तात्या, तुम्हाला माहीत होतं ना मावशींचे दोन तास असतात ते?"

"म्हाइत असणारच की. धा वर्सं मीच सोडतोय."

"मग बारा मिनिटांत का बंद केलंत?"

रामूतात्या चिडले नाहीत. सावकाश बोलले. "म्याडम, तवा मनानं सोडायचो तर चोर ठरलो. आता फोन म्हणंल तसं सोडतोय, तरी बी चोरच. मग मी करायचं तरी काय? बारा मिन्टात पानी तिच्या पयल्या सरीच्या तोंडाला बी लागत न्हाई, हे मला दिसत हुतं. पर ठराव हाय."

दिनकरराव मला म्हणाले, "ऐक. वैनीनं मला परवा गिरणीत गाठलं. चार बायका दळण घिऊन उभ्या. म्हणली, मेल्या भावाच्या वाटणीचं पानी पितूयास, पचलं का? मी गप घरी आलो. दोन दिवस झालं, घास गिळंना."

सरांनी निघताना मला सांगितले होते, "काही झालं तरी तिथं लगेच आपली चूक म्हणू नकोस. आधी मला फोन कर." मी फोन केला नाही. मला तेव्हा ते सुभेदार आठवले की नाही, सांगता येत नाही. पण मी उभी राहिले, एवढे खरे.

"आप्पा, तात्या, काका, कोणीच खोटं बोलत नाही. चूक माझी आहे."

मी कागद घेऊन त्यांना दाखवले. हे सर्व्हरवरचे वीस. हे फोनमध्ये आले तेव्हा शून्य गळाले. हे झाले दोन. आप्पांनी चष्मा काढला. "म्हंजी एका शून्यापायी?"

"हो. त्या लाइनवर असे पाच जण आहेत."

आप्पांनी पाचही नावे वाचली. दोघांचा ऊस तोडणीला आलेला, त्यांना पाणी नकोच होते. एकाची स्वतःची विहीर होती. एकाने रामूतात्यांची गाडी अडवून, आरडाओरडा करून आप्पांकडून तोंडी परवानगी मिळवली होती; आप्पांना ते नेहमीचेच भांडण वाटले होते. उरल्या इंदूमावशी. त्यांनी संस्थेत तक्रार केली नव्हती, कारण जिथे दीरच संचालक तिथे जाऊन काय मागायचे, असे त्यांच्या मनात बसलेले.

त्या यादीकडे बघताना मला आणखी एक गोष्ट दिसली. दहा, वीस, तीस गुंठे हे आकडे वाटणीतूनच येतात. एकराला दोन भाऊ झाले की वीस, चौघे झाले की दहा. माझी चूक सरसकट कोणाच्याही वाट्याला आली नव्हती. ती नेमकी ज्यांच्याकडे वाटून थोडे उरले होते त्यांच्याच वाट्याला आली होती. हे मी ठरवून केले नसले तरी झाले तसेच.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. मी एकर आणि टिंब दोन्ही काढून टाकले आणि नुसते गुंठे ठेवले. एक एकर पंचवीस म्हणजे पासष्ट. वीस म्हणजे वीस. पूर्ण आकडा मोठ्या वहीत, छोट्या वहीत, कुठल्याही कंपनीच्या वहीत तसाच राहतो. ज्या जुन्या प्रोग्रामरला मी नावे ठेवली त्यानेही आपल्या परीने हेच सांभाळले होते: लोक लिहितात तसे ठेवले, एक टिंब, एक शून्य हलू दिले नव्हते. रामूतात्यांच्या फोनवर मी पुन्हा नाव उघडले. वीस गुंठे, एकशे वीस मिनिटे.

"झालं?" दिनकररावांनी विचारले.

"झालं काका. पण मावशींची पुढची पाळी अजून सहा दिवसांनी आहे."

"सा दिवस हळद टिकत न्हाई. पानं गुंडाळल्यात." ते उठले. "तात्या, आज माझी पाळी चालूय न्हवं? माझा वॉल बंद कर, वैनीचा उघड."

रामूतात्यांनी फोनकडे आणि मग आप्पांकडे पाहिले. "पर ठराव—"

"ठराव मीच मांडलाय की रं! आता मीच म्हणतोय."

आप्पा म्हणाले, "जा तात्या. बैठकीत काय ते मी बगतो."

आम्ही शेतावर गेलो. रामूतात्या वॉलकडे वळले. दिनकरराव आपल्या शेताच्या कडेला थांबले, पुढे आले नाहीत. मी बांध ओलांडून मावशींकडे गेले. त्या हळदीत वाकून खालची वाळलेली पाने काढत होत्या. पन्नाशीच्या असतील, अंगाने बारीक, पदर खोचलेला. मी कोण ते सांगितले. काय झाले तेही सांगितले, जितके साध्या शब्दांत जमेल तितके. त्यांनी मधे एकदाही अडवले नाही.

"म्हंजी त्येनं न्हाई केलं?"

"नाही मावशी. माझी चूक आहे. त्यांना काही माहीतही नव्हतं."

त्यांनी हातातली पाने बांधावर टाकली. मग म्हणाल्या, "तू चांगलं सांगितलंस गं. तुजं दुरुस्त बी झालं. पर मी त्येला चारचौघींत बोलले, मेलेल्या माणसाचं नाव काढून बोलले. ते मी आता कसं दुरुस्त करू?"

आमच्या डेटाबेसमध्ये चुकून केलेला बदल मागे घेण्याची आज्ञा असते. परीक्षेत मी तिच्यावर पूर्ण मार्क मिळवले होते. 

त्या वर्षी त्यांची हळद वाचली, पण पूर्ण नाही. चढावरच्या चार सऱ्यांतले गड्डे बारीक निघाले. आप्पांनी फोनवर तसे सांगितले आणि वर म्हणाले, "जाऊ द्या ताई, होतं असं." त्या चार सऱ्यांचे नुकसान मी काही भरून देऊ शकत नाही. तेव्हापासून मी कुठलाही रकाना आखताना आधी त्या गावातल्या माणसांना विचारते की तुम्ही हे कसे लिहिता आणि ते वाचून कोण काय करतो. सर म्हणतात, तू फार वेळ लावतेस. मी लावते.

त्या दिवशी मात्र मी तिथेच बांधावर उभी होते. पाइपच्या तोंडातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. ते पहिल्या सरीत शिरले. पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, म्हणजे दारे धरायला, हातात खोरे घेऊन माणूस लागतो. मावशींनी खोरे उचलले. वीस गुंठ्यांत एकटीने दारे धरता येतात, पण जमीन महिनाभर पाण्यावाचून भेगाळली होती आणि पाणी कुठेही फुटत होते. दिनकरराव बांधापलीकडून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी चपला काढल्या, आपले खोरे घेतले आणि काही न विचारता खालच्या टोकाला येऊन उभे राहिले. मावशींनी पाहिले. थांब म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. दोन टोकांना दोघे, मधे पाणी. असे तीन-चार सऱ्या भिजेपर्यंत चालले.

मग मावशींनी मान वर न करता हाक मारली, "भावजी, तुमच्या अंगाला सरी फुटली बगा."

"व्हय वैनी," दिनकरराव म्हणाले आणि तिकडे माती ओढायला धावले.